मुठीतली राख

एकदा एक वृद्ध जादूगार आपल्या शिष्येला घेऊन जादूगारांच्या संमेलनाला गेला. तिथला रिवाज जुना होता. प्रयोग साधो वा फसो, प्रत्येकाने टाळी वाजवायची. सगळेच एका धंद्यातले. कोणी कोणाला उघडं पाडायचं नाही.

संध्याकाळी शिष्येचा पहिला जाहीर प्रयोग होता. रिकाम्या मुठीतून राख काढायची. वर्षभर तिने दुसरं काही केलं नव्हतं; सरावाची राखेची गोळी सदैव तिच्या अंगठ्यामागे असे.

सकाळी एका जादूगाराच्या हातून पत्त्यांचा अख्खा जोड सांडला. वृद्धाने उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. दुपारी संमेलनाचा खर्च उचलणारा व्यापारी आपल्या महाराजांना घेऊन मंचावर आला. महाराजांनी रिकामी मूठ फिरवली आणि तिच्यातून राख झरू लागली. व्यापाऱ्याने ती रुमालात झेलून कपाळाला लावली.

"लेकीला आता हाच अंगारा," तो मंडपाकडे बघत म्हणाला. "औषधं आजपासून बंद."

मंडप टाळ्यांनी दणाणला. वृद्ध मात्र हाताची घडी घालून बसून राहिला.

अध्यक्ष लगबगीने खाली आले. "काय बाबा, हात दुखतात की काय?"

"छे. ठणठणीत आहेत."

"मग वाजवा की! शेटजी बघताहेत."

"म्हणूनच वाजवत नाही."

अध्यक्षांची कानशिलं तापली. "मग या पोरीचा प्रयोग रद्द समजा. तिने वर येऊन महाराजांना नमस्कार केला, तर बघू."

ते गेल्यावर शिष्येला राहवेना. "गुरुजी, पत्ते सांडणाऱ्यासाठी तुम्ही टाळ्या वाजवल्यात. यांचा हात तर किती सफाईदार! गोळी मलासुद्धा दिसली नाही. एका टाळीने तुमचं काय जाणार होतं? माझं वर्ष गेलं."

वृद्ध शांतपणे म्हणाला, "सफाई होतीच. पण पत्ते सांडणारा आधी सांगतो, मी जादूगार आहे, तुम्हाला फसवणार आहे. लोक हौसेने फसायला येतात. इथे गोळी सगळ्या मंडपाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ती एका बापाला. राख हातात पडल्यावर तो महाराजांकडे बघत नव्हता गं, आपल्याकडे बघत होता. जाणकार काय म्हणतात, ते त्याला हवं होतं. आपण टाळ्या वाजवल्या. त्या मुलीचं औषध आता आपण बंद केलं आहे."

शिष्येने अंगठ्यामागची गोळी चाचपली. मग उठली आणि मंचावर गेली. अध्यक्षांनी हसून वाट करून दिली. तिने महाराजांना नमस्कार केला, आणि व्यापाऱ्यासमोर आपली रिकामी मूठ फिरवली. राख झरली.

"शेटजी, राख तांदळाच्या पेजेत मळायची, गोळी वाळवायची आणि अंगठ्यामागे लपवायची. ही मी घरी वळलेली. लेकीचं औषध सुरू करा."

"पाखंडी!" महाराज कडाडले.

व्यापारी गोंधळून मंडपाकडे वळला. "मंडळी, ही खरं बोलतेय का?"

मंडपभर जाणकार, पण एकाच्याही घशातून शब्द फुटेना. मघाशी दणाणणारे हात मांडीखाली गेले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एकट्याची टाळी ऐकू आली. ती वृद्धाची होती.

व्यापाऱ्याने रुमाल तिथेच झटकला आणि तो धावतच घराकडे निघाला.

संध्याकाळी शिष्येचं नाव पुकारलं गेलं नाही. ती गुरुजींच्या शेजारी बसून इतरांचे प्रयोग पाहत होती. एका नवख्याच्या बाहीतून लपवलेला चेंडू निसटला आणि टुणटुणत थेट तिच्या पायाशी आला. तिने तो उचलून त्याला परत दिला, आणि गुरुशिष्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.