रुद्राप्पानं अडवलेला सूर्य

आमच्या पणजोबांचे पणजोबा रांगत होते, तेव्हाची ही गोष्ट. करंजवेढ्याला दर सुगीनंतर रुद्राप्पा हेळवी यायचा. हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या सांगणारा. लहानपणीच पाय गेलेले, म्हणून तो बैलावर बसून यायचा आणि दारोदारी मूळ पुरुषापासून नावं घ्यायचा. बाकीचे हेळवी फक्त पुरुषांची नावं घेत. रुद्राप्पा घरात आलेल्या सुनांची आणि सासरी गेलेल्या लेकींचीही घ्यायचा.

एका वर्षी गाठीच्या तापाची साथ आली आणि गाव रानात पांगलं. साथ ओसरल्यावर शेवाळ्यांच्या घरातला तातोबा एकटाच परतला. "थोरला दादू गेला, भागूवहिनी गेली, त्यांची पोरही गेली. माझ्या हातानं माती दिली," असं त्यानं सांगितलं. गावानं ते मानलं.

बारा वर्षांनी एक मुलगी वेशीत येऊन उभी राहिली. धनगरांनी तिला वाढवलं होतं. म्हणाली, "मी येसू. दादू शेवाळ्यांची लेक."

तातोबानं दार लावून घेतलं. कुणी तिला भूत म्हणालं, कुणी भामटी. तीन दिवस ती पिंपळाच्या पारावर बसून होती. चौथ्या दिवशी सकाळी रुद्राप्पा आला, आणि तातोबासकट सगळं गाव पाराशी जमलं.

पाटील म्हणाले, "पिढ्यांची वही काढ, रुद्राप्पा. या पोरीचं काय ते सांग."

"वही यंदा नदीनं नेली," रुद्राप्पा म्हणाला. "माणसं न्हाई नेली."

आणि बैलावर बसूनच त्यानं शेवाळ्यांच्या पिढ्या म्हणायला सुरुवात केली. असं म्हणतात, दिवसभर त्यानं पाण्याचा घोट घेतला नाही, आणि दिवसभर पिंपळाचं पान हललं नाही. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा तो म्हणाला, "दादूची अस्तुरी भागू. भागूच्या पोटी..." आणि थांबला.

"शेवटचं नाव घरच्यानं घ्यायचं. तातोबा, घे."

तातोबा बोलेना. असं म्हणतात, सूर्य तिथंच अडला. गोठ्याकडं निघालेली गुरं वाटेत उभी राहिली. चुली पेटवायला कुणी उठेना. अखेर तातोबानं डोक्यावरचं मुंडासं काढून पारावर ठेवलं.

"येसू," तो म्हणाला. "दादाला माती दिली, ते खरं. पण वहिनी तापानं फणफणली होती, पोर तिच्या उशाला होती. दोघींना झोपडीत टाकून मी पळालो."

येसू उठून त्याच्याजवळ गेली. "काका, आई दुसऱ्या दिवशी गेली. तोवर तुमची वाट बघत होती," एवढंच ती बोलली. मग सूर्य मावळला.

येसू त्या घरात राहिली. तातोबाचं म्हातारपण तिनंच काढलं. पुढच्या सुगीला मात्र बैल एकटाच वेशीत आला, असं म्हणतात. रुद्राप्पा कुठं गेला, ते कुणाला कळलं नाही.

आजही सुगी आटपली की करंजवेढ्यात रुद्राप्पाच्या नावानं सगळे पारावर जमतात. प्रत्येक घरातलं थोरलं माणूस आपल्या पिढ्या म्हणतं, लेकीसुनांसकट. सगळ्यांचं झालं की पाटील विचारतात, "कुणाचं नाव राहिलं का?"

मग गाव पुष्कळ वेळ वाट बघतं.