वकिलाचे जोडे

"जोडे काढायचे की नाही, एवढंच सांगा बाबा."

मदारबाबा नदीत पाय सोडून बसले होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"कुणाचे?"

"माझे. हैबतरावाच्या तंबूच्या दारात."

विचारणारा कोन्हेरपंत. किल्ल्यातल्या जैतोजीरावाचा वकील. बारा वर्षं या फकिराचा चेला होता, पण चारचौघांत सांगत नव्हता. अंगरखा मळेल म्हणून खाली बसतही नव्हता.

वर किल्ला, खाली नदी, नदीपलीकडे वेढा घालून बसलेली हैबतरावाची छावणी. लढाईला चौदा महिने झाले होते. भांडण काय, तर एका घाटावर हक्क कुणाचा. त्या घाटातून वर्षाला शंभर बैल जात असतील नसतील. मेलेली माणसं त्याहून जास्त.

तरी तह ठरला होता. घाट निम्मा निम्मा. कागद तयार, शिक्के तयार. अडलं होतं जोड्यांपाशी.

हैबतराव म्हणत होता, माझ्या तंबूत येणारा पाय उघडा पाहिजे, नाहीतर कागद चुलीत घालतो. जैतोजीराव म्हणत होता, वकील म्हणजे माझे पाय, ते त्याच्या दारात उघडे पडले तर वकिलाची मान धडावर राहायची नाही.

दोघंही पन्नाशी ओलांडलेले. घरी नातवंडं. पण दोघांच्या पदरी माणसं अशी, की मालक शिंकला तरी वाहवा म्हणतील. अशाला शहाणपण येणार कुठून.

पंत तीनदा गेला आणि तीनदा तंबूच्या दारातून परत आला.

दारात काय बोलणं झालं, असं बाबांनी विचारलं. पंताला हाच प्रश्न हवा होता. वकिलाला जोड्यांसकट आत जायचा मान आहे, याचे त्याने म्हणे सात दाखले दिले. आजोबांच्या काळचे, बादशाही दरबारचे. हैबतरावाच्या कारभाऱ्याला एकाचंही उत्तर देता आलं नाही. खुद्द हैबतराव लालबुंद होऊन बघत राहिला.

"शेवटी गप्प केलं त्याला," पंत म्हणाला.

"गप्प बसलेला माणूस शिक्का मारतो का?"

पंत अंगरख्याची बाही झटकायला लागला.

"किल्ल्याच्या टाक्यात पाणी किती?" बाबांनी विचारलं.

"चार दिवसांचं."

"आणि पोरीला दूध?"

"कालपासून कमी आहे."

पंताची लेक आवडी किल्ल्यातच अडकली होती. बाळंत होऊन सतरा दिवस झाले होते. वकिलाला खाली यायला वाट मोकळी, नदीवर पोटभर पाणी प्यायला मोकळीक. पण थेंबभर वर न्यायचं नाही. हैबतरावाचे चौकीवाले अंगरखासुद्धा पिळून बघत. रोज पंत ओल्या मिशांनी वर जायचा. लेक त्या मिशांकडे बघायची आणि काही मागायची नाही.

"मग काढ की जोडे," बाबा म्हणाले.

"माझी मान जाईल."

"मग नको काढू."

"तह जाईल."

"बघू दे ते जोडे."

पंताने तिथल्या तिथे जोडे काढले आणि बाबांच्या हातात दिले. काढताना त्याला कसला मान आठवला नाही की कसला दाखला.

लाल कातड्याचे, वर जरीची वेल. जैतोजीरावाने भरदरबारात दिलेले. बाबांनी एक जोडा उलटा करून तळ बघितला, शिवण बोटाने चाचपली, चांभार कसबी आहे म्हणाले. मग हात मागे नेला आणि जोडा डोहात भिरकावला.

डोह खोल. एकदा आवाज झाला, मग तोही नाही.

पंत ओरडला. बाबांना वेड लागलंय का, एका जोड्याने आता कुठे जाऊ, सरकारला काय तोंड दाखवू, असं बरंच काही बोलला. बाबांनी ऐकून घेतलं. दुसरा जोडा पंताच्या हातात ठेवला आणि पुन्हा नदीत पाय सोडून बसले.

पंत जोडा धरून उभा...

समोरच्या फांदीवरून खंड्याने पाण्यात सूर मारला, मासोळी घेऊन गेला. पंत किल्ल्याकडे बघत होता. पंधरा दिवसांपूर्वी तटावर बायकांची धुणी वाळत असायची. आता तट कोरडा होता.

पंताने जोडा फेकला.

वकिली हात तो. फेकायची सवय नाही. जोडा जवळच पडला आणि तरंगायला लागला. बाबांनी पायाने पुढे ढकलला.

"आता जा," बाबा म्हणाले. "विचारल्याशिवाय सांगू नको. विचारलं तर खोटं बोलू नको."

पंत गेला. नदीपासून छावणीपर्यंत बाभळीचं रान. जन्मात अनवाणी न चाललेला माणूस, दर दहा पावलांवर काटा. तंबूशी पोचला तेव्हा टाचांतून रक्त येत होतं.

हैबतरावाने ते पाय पाहिले. बराच वेळ पाहिले. मग त्याचा चेहरा असा खुलला, की चौदा महिन्यांत कुणी पाहिला नव्हता. उठून आला, पंताला हाताला धरून आत नेलं, शेजारी बसवलं. पाय धुवायला ऊन पाणी मागवलं, काटे काढायला माणूस बसवला. जोडे कुठे गेले, हे कुणी विचारलं नाही. विचारील कशाला. जिंकलेला माणूस चौकशी करत नाही. दुपारच्या आत शिक्का उठला.

वर जैतोजीराव कागदाकडे बघेना.

"त्याच्या दारात जोडे काढलेस?"

"नाही सरकार. त्याच्या दारात नाही काढले. खाली नदीत गेले."

जैतोजीरावाने थोडा विचार केला. मग मांडीवर थाप मारली आणि एवढा हसला, की बाहेरचे पहारेकरी आत डोकावले. नदीत घातले पण त्याच्या उंबऱ्यावर नाही ठेवले, हे त्याने पुन्हा पुन्हा सगळ्यांना सांगितलं. त्याचाही शिक्का उठला.

तिसऱ्या प्रहरी दरवाजा उघडला. बायका घागरी घेऊन धावत खाली आल्या. आवडी तान्ह्या पोराला पोटाशी बांधून गुडघाभर पाण्यात उतरली आणि ओंजळीमागून ओंजळ पीत राहिली. पंत काठावर उभा राहून लेकीचं पाणी पिणं बघत होता.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण पंत तो पंत.

आठव्या दिवशी ऊन कलताना तो बाबांकडे आला. पायांत हैबतरावाने दिलेले नवे जोडे. चेहरा आंबलेला. बाबा झाडाखाली बसून आपल्या गुदडीला ठिगळ लावत होते. पंत या खेपेला मातीत बसला. अंगरख्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

लेक बरी आहे, नातू अंगावर पितोय, घाटातून बैल जायला लागलेत, हे त्याने घाईघाईत सांगून टाकलं. मग मुद्द्यावर आला.

छावणीत पोवाडा झाला होता. हैबतरावाच्या धाकाने वकील अनवाणी आला, असा. किल्ल्यात दुसरा झाला होता. जैतोजीरावाने हुकूम सोडला, की जोडे नदीत घाल पण त्याच्या दारात काढू नको, असा. दोन्हीकडे शेले उडाले, दोन्हीकडे लोक खूश. पंताचं नाव एकातही नाही. छावणीतल्या पोवाड्यात तो नुसता वकील होता. किल्ल्यातल्या पोवाड्यात तर निरोप पोचवणारा जासूद.

"काटे माझ्या पायांत," पंत म्हणाला, "आणि शाहिरी त्यांची."

म्हणून त्याने एक लिहिणारा गाठला होता. घडलं तसं सगळं बखरीत घालणार होता.

"वाचणार कोण?" बाबांनी विचारलं.

"दोघंही वाचून घेतील."

"आणि मग?"



उताराच्या पाण्यात दोन्ही काठांची म्हसरं एकत्र डुंबत होती. छावणीतला एक शिपाई आणि किल्ल्यातला एक गुराखी, कुणाची म्हैस जास्त दूध देते यावरून एकमेकांना शिव्या देत होते. हसत देत होते.

पंत बराच वेळ तिकडे बघत बसला. मग त्याने कमरेला खोचलेला बखरीचा कागद काढला, फाडला, तुकडे पाण्यावर सोडले. चेहरा जरा हलका झाला. पण उठेना.

"बरं, नाही लिहीत," तो म्हणाला. "पण बाबा, तुम्ही तर इथेच होता. दुसरा जोडा मी माझ्या हाताने टाकला, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. जगात एका माणसाने तरी तेवढं म्हणावं."

बाबांनी दाताने दोरा तोडला. नव्या दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई मावळत्या उजेडाकडे धरली आणि पहिल्याच खेपेला ओवली.

"मला दिसत नाही रे हल्ली," बाबा म्हणाले.