साठीचा झोपाळा

फार पूर्वी एका डोंगराळ देशात एक चाल होती. दरबारातला माणूस साठ वर्षांचा झाला, की राजा त्याला सागाच्या एकाच अखंड फळीचा झोपाळा भेट द्यायचा.

सुरुवातीला दरबारी होते पाच. पुढे पाचशे झाले. एक जाड खोड रानाबाहेर ओढून आणायचं तर वाटेतली वीस झाडं पाडावी लागत. ती शेजारच्या देशाला विकली जात. त्याच्या मोहरा येत आणि प्रधान मिशीला पीळ देत म्हणे, "देश श्रीमंत होतोय!"

शेवटी एकच रान उरलं, मोठ्या तलावाच्या वरच्या उतारावर. त्याच वर्षी प्रधानाची साठी आली, आणि त्याच्या झोपाळ्यासाठी व विक्रीच्या मोहरांसाठी ते अख्खं रान तोडायचं ठरलं.

त्या रानाच्या राखणदाराची मुलगी तडक दरबारात आली. तलावाखालीच तिच्या गावाची भातशेती होती.

"महाराज, हे रान तोडू नका. मुळं गेली की माती तलावात येईल. तलाव बुजला की आमची शेतं गेली."

प्रधान हसला. "पोरी, तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत मी. तू जन्मायच्या आधीपासून हे रान बघतोय."

"तेच म्हणतेय, आजोबा. तुम्ही पाहिलंत. मी काय बघू?"

"झाडं काय, पुन्हा उगवतात."

"एक तरी लावलंत? मी वीस वर्षांची आहे. माझ्या साठीचं झाड कुठे उभं आहे, दाखवा!"

"अरे, हिला आत्ताच झोपाळा हवाय!" कुणीतरी म्हणालं आणि दरबारात खसखस पिकली.

राजाला मुलीचं पटलं होतं. पण पाचशे कपाळांवरच्या आठ्या पाहून तो कचरला. "वडीलधाऱ्यांचा मान राखायला हवा," असं पुटपुटत त्याने हुकूम दिला. रान पडलं.

पहिल्याच पावसात डोंगराची माती तलावात उतरली. गाळ उपसायला रान विकून आले त्याच्या दुप्पट पैसे गेले, आणि पुढच्या पावसात तलाव पुन्हा बुजला. भात पिकेना, म्हणून धान्य विकत आणावं लागलं. पूर्वी मध, डिंक, लाख घ्यायला येणारे व्यापारी आता सरपण विकायला येऊ लागले. दहा वर्षांत खजिना रिकामा झाला. मुलीच्या गावात एकही चूल पेटेना. माणसंच निघून गेली होती.

मग प्रधान वारला. चितेला लाकूड नव्हतं. व्यापाऱ्याने सांगितलेली किंमत राजालाही परवडेना. शेवटी प्रधानाच्या मुलांनी त्याचा झोपाळाच फोडला. घरात आढ्याला नुसत्या पितळी कड्या लटकत राहिल्या.

स्मशानात ती मुलगीही आली होती. राजाने खालमानेने विचारलं, "बाई, असं एक झाड वाढायला किती वर्षं लागतात?"

"साठ," ती म्हणाली. "मूल जन्मलं की एक झाड लावायचं, एवढंच करायचं होतं. इतके पावसाळे पाहिलेत, एकाही पावसाळ्यात सुचलं नाही?"

तिने पदराची गाठ सोडली आणि सागाचं बी राजाच्या ओंजळीत ओतलं.

"लावा. सावली तुम्हाला मिळणार नाही. तरी लावा."

तात्पर्य, आणि ते मोठ्यांनी आधी वाचावं: जंगल विकून आलेला पैसा ही कमाई नव्हे, तो पुढच्यांच्या ताटातून उचललेला घास आहे, आणि केस पांढरे झाले म्हणून तो उचलायचा हक्क कुणाला मिळत नाही.