गौराक्काची तहान

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते मला विचारू नका. माझ्या पणजीलासुद्धा ते ठाऊक नव्हतं, आणि तिला तर सगळ्या गावाची कुळकथा तोंडपाठ होती. तेव्हा आपलं धामणपेठ काही शहर नव्हतं. चार आळ्या, एक बाजार, महादेवाचं देऊळ आणि देवळासमोर बारव, एवढाच पसारा. बारव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची मोठी दगडी विहीर, घागर घेऊन थेट पाण्यापर्यंत उतरता येईल अशी. सगळी पेठ तिचंच पाणी प्यायची.

देवळात गौराक्का गुरवीण होती. नवरा लवकर गेला. तेव्हापासून देवाची झाडलोट, बेल-फुलं सगळं तिच्याकडं आलं. रोज सकाळी ती आदल्या दिवशीची फुलं पिंडीवरून उतरवायची आणि बारवेत सोडायची. निर्माल्य पायदळी येऊ नये, म्हणून ते पाण्यात सोडायचं. तिच्या सासूनं तेच केलं होतं, सासूच्या सासूनंही. घराघरांतलं निर्माल्यही तिथंच यायचं. हार, नारळ, तांदूळ, लग्नातल्या मुंडावळ्या, सगळं आत. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं हो. पण देवाचं म्हणून फूल सडायचं थोडंच थांबतं?

एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि त्याला वास सुटला. लोकांनी नाकाला पदर लावला आणि फडक्यातून गाळून तेच प्यायले. मग पेठेत ताप आला. गौराक्काची एकुलती एक रंगू, अजून दुधाचे दात पडत होते तिचे, ती त्या तापानं तडफडली. सारखं पाणी मागायची. गौराक्का उठून उठून देत राहिली, बारवेचंच. जवळ दुसरं पाणी होतं कुठं? रंगू गेली.

लहान मूल म्हणून तिला मातीत ठेवलं. घरी आल्यावर गौराक्कानं स्वतःच्या हातांकडं बघितलं, असं म्हणतात, आणि म्हणाली, "याच हातांनी फुलं टाकली आणि याच हातांनी पाणी पाजलं." त्यानंतर ती रडली नाही. तिनं देवासमोर एकच बोलून ठेवलं, की या बारवेचा तळ दिसेपर्यंत मी इथलं पाणी पिणार नाही. दिसेल त्या दिवशी ओंजळीनं पिईन.

दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन ती बारवेत उतरली. निर्माल्य आणि गाळ उपसायचा, डोक्यावर घेऊन वर यायचं, देवळामागं खड्डा खणून त्यात टाकायचं. स्वतःला प्यायला पाणी मात्र गावकुसाबाहेरच्या ओढ्याचं. एक घागर आणायला सकाळ जायची.

पेठेत बोंब झाली. महाजन बाळाशेट, म्हणजे पेठेचा कारभार बघणारे, तरातरा आले. "गौरे, डोकं फिरलं का तुझं? देवाची फुलं खड्ड्यात घालतेस?"

गौराक्का पाटी खाली न ठेवताच म्हणाली, "माझी रंगू मातीत घातली तेव्हा तुम्हीच म्हणालात ना शेट, देवाघरी गेली म्हणून? मग फुलांनाच तेवढी वाट सापडायची नाही का?"

बाळाशेट आले तसे परत गेले.

पहिल्यांदा तिच्याबरोबर उतरली ती यमुना कासारीण. बांगड्या भरणारी, तोंडाची मोठी फटकळ. म्हणाली, "अक्के, तू एकटी मरशील आणि तुला उपसायला परत मलाच यावं लागेल. त्यापेक्षा आत्ताच येते." मग यमुनेनं काय केलं, बांगड्या भरताना बायकांचा हात हातात धरायचा आणि सोडायच्या आधी विचारायचं, "उद्या येणार ना?" हात अडकलेला, बाई नाही कशी म्हणणार! हळूहळू रीतच पडली. घागर भरायची असेल तर आधी एक पाटी वर आणायची. सावकाराची सून असो की साळ्याची म्हातारी, पाटी चुकायची नाही. त्या खतावर देवळामागं जाई अशी माजली, की वास वेशीपर्यंत जायचा. रात्री गाळातून झरेच बोलायचे, "आणखी थोडं, गौराक्का, आणखी थोडं," असं म्हणतात.

वर्षं गेली. गौराक्काचे केस पिकले, पाठ वाकली. आणि एका चैत्रात सकाळी यमुनेनं खाली वाकून बघितलं आणि किंचाळलीच, "अगं अक्के! कासव! कासव दिसलं!" तळाच्या दगडात कोरलेलं कासव होतं. जुनी माणसं सांगायची, पण कुणी पाहिलं नव्हतं. काचेसारखं पाणी, आणि कासवाच्या पाठीवरून झरा वर येत होता. गौराक्का शेवटच्या पायरीवर बसली. किती वेळ नुसती बघत राहिली. मग तिनं ओंजळ पुढं केली.

तेवढ्यात वरून आवाज आला, "अक्का, थांबा, थांबा!" बाळाशेट स्वतः धापा टाकत उतरले. आता 'गौरे' नव्हतं बरं का, आता 'अक्का' आणि 'तुम्ही'. "असं गुपचूप नाही प्यायचं. केवढं काम केलंत तुम्ही! उद्या गावासमक्ष, वाजतगाजत. चांदीच्या फुलपात्रातून." गौराक्का म्हणाली, "शेट, मला आपलं ओंजळीनंच..." पण ऐकायला कोण थांबलं होतं? शेट सत्काराच्या तयारीला लागलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिला पहाटेच उठवलं. ओढ्यावर जायला सवड मिळाली नाही. नवं लुगडं नेसवलं, पालखीत बसवलं. चैत्राचं ऊन, पुढं ढोल, मागं ताशे. प्रत्येक आळीनं हार आणला, प्रत्येक घरानं हार आणला. एकावर एक हार चढत गेले, गौराक्का नाकापर्यंत फुलांत बुडाली. "जरा पाणी द्या रे," ती म्हणत होती. ढोलांत कुणाला ऐकू जाणार? शेवटी देवळासमोर पालखी टेकली, तर फुलपात्र कुणी धरायचं यावर भांडण जुंपलं. मान आधी कुणाचा? महाजनांचा की पाटलांचा? वरच्या आळीचा की खालच्या? आपल्याकडं मानपानाचं भांडण लागलं की सूर्यसुद्धा वाट बघून मावळतो. तसंच झालं. तिन्हीसांज झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता उद्या बघू.

यमुनेनं तिला धरून घरी आणलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. यमुनेनं तांब्या पुढं केला. "घे की बाई आता. तळ दिसलाय ना? नवस फिटला."

"इतकी वर्षं थांबले," गौराक्का म्हणाली, "आता उद्या सकाळीच पिईन, काठावर बसून, ओंजळीनं. तांब्यातलं नको." हट्टी होती, काय सांगायचं.

आणि इकडं चौकात हारांचा ढीग पडला होता. बाळाशेटांचे डोळे भरून आले. म्हणाले, "अक्कांच्या अंगावरची फुलं ही. साधी नाहीत. पायदळी येता कामा नयेत." सगळ्यांना पटलं. अगदी मनापासून पटलं, तीच तर रडायची गोष्ट आहे. माणसांनी ते हार दोन्ही हातांनी उचलले, कपाळाला लावले आणि हात जोडून बारवेत सोडले.

सकाळी यमुनेच्या खांद्याला धरून गौराक्का पायऱ्या उतरली. पाणी कुठंच दिसत नव्हतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झेंडू आणि शेवंती, गाड्याच्या गाड्या. ती ओरडली नाही. तिनं वाकून एक हार ओढला, पायरीवर ठेवला. दुसरा ओढला. मग तिला बसावंच लागलं. यमुनेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि वर बघून हाका मारल्या, "अरे या रे कुणीतरी! मेल्यांनो, काय केलंत हे!"

"त्यांना शिव्या देऊ नकोस," गौराक्का म्हणाली. "यमे, फक्त मला विचारायचं तरी होतं गं, तुला काय हवंय म्हणून." एवढं बोलून ती गेली, आणि तिचे ओठ तसेच कोरडे राहिले.

सगळी पेठ धावली. पायऱ्यांवर माणूसच माणूस. बाळाशेटांनी पागोटं काढून खाली ठेवलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. आणि तेव्हा, असं म्हणतात, पाणी हललं. एक पायरी चढलं. आणखी एक चढलं. भर चैत्रात, वर आभाळात ढग नसताना. फुलांना बाजूला सारत सारत ते यमुनेच्या मांडीपर्यंत आलं आणि गौराक्काच्या ओठांना लागलं. तिचा घसा हलला, असं यमुना मरेपर्यंत शपथेवर सांगायची. मग पाणी आलं तसं पायरी पायरी उतरलं आणि सगळी फुलं दगडावर ठेवून गेलं. लोकांनी त्यातली शेवटची पाकळीसुद्धा वेचली आणि देवळामागच्या खड्ड्यात नेऊन टाकली.

आता धामणपेठ शहर झालंय. नळ आहेत, एसटी स्टँड आहे, नगरपालिका आहे. पण चैत्रातल्या त्या दिवशी नगराध्यक्षांना बारवेवर यावंच लागतं. वर्षभरात ज्यांनी शहरासाठी काही केलं असेल, एखाद्या गल्लीनं ओढ्याचा काठ साफ केला, चाळीतल्या बायकांनी रस्त्याची झाडं जगवली, त्यांना पायऱ्यांवर बसवतात. हार नाही, शाल नाही, भाषण नाही. नगराध्यक्ष त्यांच्या खालच्या पायरीवर उभे राहतात, आधी प्यायला पाणी देतात आणि विचारतात, "तुम्हाला काय हवंय?" मागं एका बाईनं सांगितलं, आमच्या शाळेमागचा नाला वाहता करा. शहरानं केला. एका म्हाताऱ्यानं नुसती नवी फावडी मागितली. मागितलेलं पुढच्या चैत्रापर्यंत झालं नाही, तर त्या वर्षी नगराध्यक्षांना खाली उतरू देत नाहीत. वरच उभं राहायचं, सगळ्यांसमोर.

पण सगळ्यांत आधी शेवटच्या पायरीवर, तिथं कुणीच बसलेलं नसतं, तिथं ओंजळभर पाणी सोडतात आणि तिलाच विचारतात, "अक्का, तुम्हाला काय हवंय?" मग सगळं शहर गप्प उभं राहतं. उत्तर कधी येत नाही. तरी म्हातारी माणसं कान देऊन थांबतात, आणि ती हलल्याशिवाय कुणी हलत नाही.