पाचवी पायरी

पूर्वी चंदनावती नगरीत पद्मकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व खड्गविद्येचे आचार्य होते. त्यांच्या शाळेत शिक्षणाच्या पाच पायऱ्या होत्या. पहिलीत नुसते पायांचे पवित्रे, दुसरीत ढाल, तिसरीत वार, चौथीत झुंज. पाचवीत काय शिकवतात, हे आचार्य सांगत नसत.

त्यांचा शिष्य भद्रसाल सात वर्षांत चौथी पायरी चढला आणि मग त्याला धीर निघेना. त्यातच राजाने जाहीर केले की पाचही पायऱ्या पूर्ण करणाऱ्यालाच अंगरक्षकांचा नायक नेमू. भद्रसाल रोज विचारी आणि आचार्य रोज म्हणत, "अजून नाही, बाळ." म्हातारा आपल्यावर जळतो, असे त्याने मनाशी पक्के केले. दुसरे कारण बिचाऱ्याला सुचतच नव्हते.

अखेर त्याने दरबार गाठला. "महाराज, आचार्यांना हरवले तर पाचवी पायरी मला मिळावी." राजाला गंमत वाटली. आचार्य हरले तर शाळाही तुझीच, असे तो वर म्हणाला.

झुंज लाकडी तलवारींनी होई. तलवारीला ओला गेरू फासत, आणि ज्याच्या अंगावर आधी डाग उमटे तो हरे. भद्रसालने पहिल्याच झेपेत सारा जोर लावला. त्यासरशी त्याची ढाल खाली गेली आणि गळा उघडा पडला. ही चूक चौथ्या पायरीवरचेच करतात, कारण खालच्यांच्या अंगी तेवढा वेग नसतो. आचार्यांची तलवार सरळ त्याच्या कंठाशी आली आणि बोटभर अंतरावर थांबली. भद्रसालचा वार मात्र त्यांच्या बरगड्यांवर बसला. पांढऱ्या वस्त्रावर गेरू उमटला.

लोकांनी जयजयकार केला. राजाने नायकाचा शेला मागवला. भद्रसालचा हात आपल्या गळ्याकडे गेला. गळ्याशी आलेली ती तलवार त्याच्याखेरीज कोणीच पाहिली नव्हती. तो गप्प बसला असता तर कोणाला कळणार होते?

"महाराज, हरलो मी," तो म्हणाला. "त्यांची तलवार आधी पोचली होती. त्यांनीच ती थांबवली."

"का थांबवली?" राजाने आचार्यांना विचारले.

आचार्य बरगडी दाबून धरत म्हणाले, "एवढ्या वेगात लाकूडही गळा फोडते, महाराज. शाळा गेली तर दुसरी काढता येईल. हा पोर कुठून आणू?"

भद्रसाल त्यांच्या पायांवर कोसळला. "आचार्य, मला हात उगारता येतो, आवरता येत नाही."

"पाचवीत तेवढेच शिकवतो," आचार्य म्हणाले. "उद्यापासून ये."

ही कथा सांगून भगवंत म्हणाले, "भिक्षूंनो, ध्यानाचे पुढचे शिक्षण आपल्याला देत नाहीत म्हणून रुसलेला हा वप्पिल भिक्षू त्या जन्मी भद्रसाल होता. त्याची बाजू घेणारा उपासक नंदिक हा राजा होता आणि आचार्य मी होतो. जिंकता येत असताना हात आवरला, ती मैत्री पारमिता, म्हणजे प्रेमभावाची परिपूर्णता."