थेंबभर खात्री

धनेशशेठांच्या दुकानात कॅमेऱ्यांशेजारीच ट्रेकच्या सॅक टांगलेल्या असत. वैजयंताला ऐन पावसात कॅमेरा घेऊन हरिहरगड चढायचा होता. शेठनी पुढे केलेली सॅक पिसासारखी हलकी लागली आणि तिथेच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वजन वाचवायला कापडात काटछाट केली नसेल कशावरून?

"भिजली तर?" तिने विचारलं.

"थेंब आत जाणार नाही! वीस वर्षं हाच धंदा करतोय, ताई, मला शिकवू नका," शेठ गरजले.

"मग आतला थेंब बाहेरही येणार नाही," असं म्हणत तिने सॅक काउंटरवरच्या महागड्या कॅमेऱ्यावर धरली आणि आत ओतायला पाण्याची बाटली उघडली.

शेठनी झडप घालून कॅमेरा छातीशी कवटाळला.

"तुमचा कॅमेरा हिच्या खालीसुद्धा नको," वैजयंता म्हणाली, "आणि माझा हिच्या आत ठेवू?"