सात दाब

“भ्या वाटलं का?” वस्तादांनी विचारलं.

“कशाचं?” हंबीर म्हणाला. “अकरा वर्षं हेच करतोय. गाडी दोन इंच खाली मागितली होती, दोन इंच खाली आलीया. टेप लावून बघा.”

वस्तादांनी टेप लावला नाही.

“भ्या वाटलं न्हाई, मग काम झालं न्हाई,” ते म्हणाले.

दस्तगीर वस्ताद गाडीच्या पुढच्या भागाचे मिस्त्री. स्प्रिंगा, आर्म, स्टिअरिंग, एवढंच काम करायचे. कोल्हापुरात उद्यमनगरच्या शेवटच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं आणि समोर माझं टायरचं दुकान. पाहिलं तेवढंच सांगतो.

गाडी सरनोबतांची, आजोबांच्या वेळची फियाट. रत्नागिरीला जुन्या गाड्यांचा मेळा होता. नाक खाली झुकलेली गाडी रुबाबदार दिसते म्हणून सरनोबतांना पुढून ती दोन इंच उतरवून हवी होती. रविवारी आंबा घाटानं जायचं होतं. शेजारी आई बसणार होती.

हंबीर चौगुले वस्तादांचा शिष्य. हात चांगला, जीभ तिखट. त्याला हायवेवर स्वतःचं गॅरेज काढायचं होतं. नावाचा बोर्ड रंगवून तयार होता. आठ महिने तो माझ्या दुकानात पोत्यात गुंडाळून उभा होता, कारण वस्ताद ‘हो’ म्हणत नव्हते. आमच्या गल्लीत वस्तादानं हो म्हटल्याशिवाय कुणी बोर्ड लावत नाही.

वस्ताद गाडीजवळ वाकले. चाकाच्या आत हात घालून त्यांनी स्प्रिंगवर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

“रंग का लावलास?”

“चांगला दिसतो म्हणून.”

“खालनं कोण बघणार हाय?”

हंबीर पाने गोळा करून पेटीत टाकू लागला.

“स्लीपर घे,” वस्ताद म्हणाले.

त्या गॅरेजात एक रीत होती. पुढच्या स्प्रिंगला हात लागला की गाडीची पुढची चाकं रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरवर चढवायची. जॅक काढून घ्यायचा. ज्यानं काम केलं त्यानं खाली उताणं निजायचं, गाडीचं पुढचं आडवं लोखंड बरोबर छातीवर येईल असं. मग दोघांनी बंपरवर चढून गाडी दाबायची. सात वेळा. लोखंड छातीपर्यंत येतं आणि वर जातं. स्प्रिंग गेली तर वर जात नाही.

हंबीर शंभर वेळा तरी तसा निजला होता. पूर्वी खालून शीळ घालायचा.

“आज कशाला, वस्ताद? सरनोबत येतील इतक्यात.”

“येऊ देत. स्टूल हाय, बसतील.”

चाकं स्लीपरवर चढली. हंबीरनं पोतं अंथरलं. उताणा झाला. खांद्यापर्यंत आत सरकला…

तिथंच थांबला.

आम्हाला त्याचे फक्त पाय दिसत होते. टाचा जमिनीला घट्ट लावलेल्या.

“सरक की रं,” वस्ताद म्हणाले.

पाय हलले नाहीत. मग उलटे हलले. हंबीर बाहेर आला. केसांत माती, ओठ पांढरे.

“कंबर धरलीया सकाळपासनं.”

“व्हय काय? अरारा.”

वस्तादांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. चपला काढल्या. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, दम्याचा. पोत्यावर बसले, आडवे झाले आणि सरपटत आत गेले. गुडघ्यापर्यंत दिसेनासे झाले.

“चढा,” आतून आवाज आला.

मी टोपी खिशात घालून उजवीकडं चढलो. हंबीर उभाच होता.

“हंबीर. चढ.”

तो डावीकडं चढला.

“एक.”

आम्ही दाबलं. गाडी खाली गेली, वर आली.

“दोन.”

खाली, वर.

“तीन.”

मी हंबीरकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. बॉनेटवर त्याच्या घामाचे थेंब पडत होते.

“चार.”

खाली गेली. उजवी बाजू लगेच उठली. डावी… सावकाश उठली. दमलेलं जनावर उठतं तशी.

खालून खोकल्याचा आवाज आला.

“पाच,” वस्ताद म्हणाले.

हंबीर हलला नाही.

“वस्ताद, बाहेर या.”

“पाच म्हणालो मी.”

“बाहेर या, पाया पडतो!”

“का?”

“गॅस लावलाय मी!” हंबीर ओरडला. “स्प्रिंग खाली उतरवलीच न्हाई. जागच्या जागी गॅसनं तापवून बसवली. पाणी उतरलंय तिचं, जोर गेलाय. डाग झाकायला रंग फासला. बाहेर या, वस्ताद…”

गल्लीत कुठंतरी लेथ चालू होतं, तेवढाच आवाज.

“किती तापवली?” खालून शांत आवाज आला.

“लाल होईस्तोवर.”

“दोन्हीकडं?”

“डावी जास्ती.”

“मग डावीकडं कशाला उभा हाईस, गाढवा? उतर. हळू उतर.”

तो उतरला. मी उतरलो. एक बोटभर हलायला आम्हाला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. वस्ताद बाहेर आले, बसले, धाप लागली. मी पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले. टोपी मागितली, घातली.

“पाचवा राहिला,” ते म्हणाले. “चढा.”

आता खाली कुणी नव्हतं. पोतं तेवढं होतं. आम्ही चढून दाबलं.

आतून काहीतरी तटकन मोडलं.

उजवी बाजू वर आली. डावी आली नाही. लोखंड पोत्यापासून जेमतेम चार बोटं वर थांबलं होतं.

हंबीर गटाराच्या कडेला जाऊन ओकला.

सरनोबत आले तेव्हा गाडी तशीच होती, एका बाजूला वाकलेली. वस्ताद जागचे उठले नाहीत. हंबीरच पुढं झाला.

“रविवारी दुसरी गाडी घेऊन जावा, साहेब.”

“म्हणजे? दोन इंचाचं काम, आणि चार दिवस घालवून हे?”

“मी चुकीचं केलं. घाटात गेली असती.”

“काय गेली असती?”

“स्प्रिंग. आणि शेजारी तुमच्या आई बसणार होत्या.”

सरनोबतांचा हात वर आला होता. तो तसाच खाली गेला. गाडीभोवती एक फेरी मारून ते निघून गेले. पण गाडी नेली नाही.

हंबीर भंगारबाजार पालथा घालून न तापवलेल्या स्प्रिंगांची जोडी घेऊन आला. बसवताना स्प्रिंग उडू नये म्हणून ती साखळीनं चेसिसला बांधली, जी साखळी तो एरवी हसण्यावारी न्यायचा. त्याआधी, गाडी दोन इंच उतरावी म्हणून, स्प्रिंगा हॅक्सॉनं थंडच कापल्या. चार वेळा करवत ओढायची, ओलं फडकं लावायचं, तापली का ते हातानं चाचपायचं, पुन्हा ओढायची. कापणीलाच दोन दिवस गेले. रंग लावला नाही.

नवव्या दिवशी स्लीपर त्यानंच काढले, कुणी न सांगता. पोतं झटकून खाली सरकला. छाती लोखंडाखाली आली.

वस्ताद या वेळी स्वतः डावीकडं चढले. मी उजवीकडं.

एक. दोन. तीन. खालून शीळ नाही, काही नाही. चार. पाच. दोन्ही बाजू बरोबर उठत होत्या. सहा.

सात.

हंबीर बाहेर आला. सदरा पाठीला चिकटलेला. उठून उभा राहिला आणि बंपरला टेकला.

“वस्ताद, काम बरोबर हाय,” तो म्हणाला. “कुठं फसवलं न्हाई. दोनदा तपासलं. तरीबी…”

“तरीबी काय?”

त्यानं दोन्ही हात पुढं केले. ते कापत होते.

“हे थांबना झालंय.”

वस्तादांनी त्या हातांकडं पाहिलं. मग माझ्या दुकानाकडं, पोत्यात गुंडाळून उभ्या असलेल्या त्या वस्तूकडं.

“आता काम झालं,” ते म्हणाले. “बोर्ड लाव जा.”